गूजबेरी जत्रेच्या आठ मात्रा

लोअर ॲडलबी गावात मे महिन्याच्या नाचात एकाचं मनगट लचकलं, आणि सभागृहाच्या विमा कंपनीने 'सदर नाचात हात धरले जातात काय?' अशी लेखी विचारणा केली.

धरले जात होते. 'गूजबेरीची जत्रा' हा नाच गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पुरुष एका ओळीत, बायका समोर. समोरच्याचे हात धरून आठ मात्रांची गिरकी, मग एक घर पुढे, नवा जोडीदार. विधुर सुतार सायलस पेनफोल्डच्या वाट्याला पोस्टातली हेटी ब्रॉक वर्षातून एकदा यायची, आठ मात्रा. उरलेलं वर्ष दोघं पोस्टाच्या खिडकीशी हवामानावर बोलत. अशी एकोणीस वर्षं गेली. पुढच्या मे महिन्यासाठी मात्र सायलसने एक वाक्य आठ मात्रांत बसवून ठेवलं होतं : 'हेटी, आता चहा आपण एकाच किटलीत करू या.'

सुधारणा उपसमितीच्या अध्यक्ष क्रॅगबाईंनी नव्या रचनेसाठी शहरातून डेरेक नावाचे तज्ज्ञ बोलावले.

"तळहातांत नऊ इंच अंतर," डेरेक म्हणाले. "याला स्पर्शनिरपेक्ष हस्तसान्निध्य म्हणतात."

"आमच्याकडे याला निरोप देणं म्हणतात," हेटी म्हणाली.

हात सुटल्यावर गिरकी घेणारे चहाच्या टेबलावर जाऊन आदळू लागले. सबब गिरकी स्थगित झाली. मग आठ मात्रा नुसतं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभं राहणं आलं. हे कुणालाच झेपेना. पाववाला घाम पुसायला म्हणून बाहेर गेला, तो आलाच नाही. सबब सर्वांची तोंडं एका दिशेला वळवण्यात आली. तशा दोन ओळींनी आगीच्या वेळचा दरवाजा अडत होता, म्हणून दोन्हींची एक ओळ झाली. दर आठ मात्रांनी एक पाऊल पुढे.

"अहो, पण यात नाच कुठे राहिला?" सायलसने विचारलं.

"हे बघा पेनफोल्ड," क्रॅगबाई समजुतीने म्हणाल्या, "परंपरा टिकवायची तर हालचाल थोडी कमी करावी लागते."

नव्या रचनेत हेटीच्या मागची जागा सायलसला कायमची मिळाली.

पुढचा मे महिना आला. फिडल वाजलं. बाहेर कुंपणावर हॉथॉर्न पांढरा फुलला होता, येताना हेटीच्या मानेवर एक पाकळी पडली होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, तळवे उघडे. सायलसने अंतर डोळ्यांनी मोजलं. नऊ इंच भरत होतं. त्याने वाक्य ओठांवर आणलं. एक, दोन, तीन...

"आज ऊन बरं पडलंय," तो म्हणाला.

"हो," हेटी म्हणाली, आणि तिने हात पुढे घेतले. "संध्याकाळी भरून येईल."

फिडल पुढच्या आठांवर गेलं. सगळे एक पाऊल सरकले.

प्रयोग फार गाजला. शेवटी प्रेक्षकांनाही सामील व्हायला सांगितलं, तेव्हा डेरेकना कुणाला एकही पाऊल शिकवावं लागलं नाही. तुम्हीही निमूट मागे येऊन उभे राहिलात. रांग कशाची आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत.