पाच वाजताचं खोकं

कार्तिकातल्या एका बुधवारी सकाळी माझी बायको सुनंदा गेली. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता, अंगणात माणसं बसलेली असताना, शेजारचे रामटेके काका टीव्हीचं रिकामं खोकं घेऊन आले. ते त्यांनी तिच्या पॉइन्सेटियाच्या कुंडीवर पालथं घातलं, डावीकडे-उजवीकडे पाहिलं, "बंद" म्हणाले आणि निघून गेले.

काका सालेकशाकडच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. निवृत्त झाले, पण फाटक सुटलं नाही. "टायम म्हंजे टायम, सर," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

झाड मागच्या नाताळात सुनंदाने आणलं, तेव्हा लालभडक होतं. उन्हाळ्यात हिरवं झालं. नर्सरीवाला म्हणाला, "फेंक दो भाभी, एक ही सीझन चलता है." ती इरेला पेटली. दिवाळीआधीपासून रोज संध्याकाळी पाच ते सकाळी आठ पूर्ण अंधार दिला, तर नाताळापर्यंत पानं पुन्हा लाल होतात, असं तिने वाचलं होतं. मध्ये उजेड लागला की मेहनत वाया. या कामाला काकांइतका लायक माणूस आमच्या फुलचूरमध्ये नव्हता, म्हणून तिने ते त्यांच्याकडे दिलं.

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याने भेटायला येणाऱ्यांसाठी अंगणात मोठा बल्ब लावला. काकांनी स्टूल आणून तो काढला आणि खिशात टाकला.

"अंधारात कायले बसवून राहिले जी आमाले?" माझ्या आत्याबाई म्हणाल्या.

"खोक्याच्या भोकातून उजेड जाते."

"घरचं माणूस गेलं, अन् तुमाले झाडाची पडली?"

"तुमी तेरवीपरेंत आहा, बाई. झाडाले नाताळापरेंत काढाचं हाये."

त्या संध्याकाळी अंधारात आत्याबाईंनी माझी पाठ समजून मेव्हण्याची पाठ थोपटली. तोही बिचारा रडला.

डिसेंबरात एका रविवारी पाच वाजून गेले तरी काका आले नाहीत. मीच खोकं घातलं आणि त्यांच्याकडे गेलो. ते तापाने पडले होते.

"किती वाजता घातलं?"

"पाच-दहाला."

"दहा मिनिटं लेट." ते कुशीवर वळले. "बाई पयले चहा देत. मंग खोकं."

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून सातला घरी यायचो. आमच्या स्वयंपाकघरात रोज पाचच्या आधी चहा व्हायचा, हे मला माहीत नव्हतं.

"खोकं बाईले बी ठेवता येत होतं, सर. पण त्या म्हणत, तुमीच या. माया घरी कोनी नाई, हे त्याईले मालूम होतं."

नाताळाला चार पानं लाल झाली. बाकीची हिरवीच राहिली.

खोक्याचं काम आता संपलं आहे. काका पाचला येतात. मीही आता ग्रंथालयातून लवकर निघतो आणि दोघांचा चहा करतो. साखर अजून नीट जमत नाही.