निकाली निघालेला ब्रेक

जुन्नर गावाबाहेरच्या टेकाडावर असलेल्या पडताळणी कार्यालयास गेल्या वर्षी डिस्क ब्रेकची एक सायकल प्राप्त झाली. टपाल पोचवण्यासाठी ती शिपाई सोमनाथ यांच्या ताब्यात देण्यात आली आणि ताबा मिळाल्याची सही त्यांच्याकडून तीन ठिकाणी घेण्यात आली. हे कार्यालय नेमकी कशाची पडताळणी करतं, हे गावात कुणाला सांगता येत नसे. टपाल मात्र भरपूर असे. सायकल झकास होती. टेकाडाचा उतार थेट एसटीच्या रस्त्याला भिडतो, पण दोन बोटांनी ब्रेक दाबला की ती शहाण्या बैलासारखी जागच्या जागी उभी राही. सोमनाथ तिच्यावर बेहद्द खूष होता.

मग खंडेनवमी आली. झेरॉक्स, पंखे, पंचिंग मशीन अशी सगळी आयुधं पुजून झाल्यावर साहेब सायकलीपाशी आले. पाण्यातलं कुंकू वाळून गळतं, म्हणून त्यांनी ते मुद्दाम तेलात कालवायला लावलं होतं. बोट कुठं टेकवावं याचा त्यांनी क्षणभर विचार केला. चाकाच्या मधोमध एक गोल, चकचकीत, पोलादी तबकडी होती. देवानं ती कुंकवासाठीच घडवली आहे असं कुणालाही वाटलं असतं. साहेबांनी तिच्यावर पाच बोटं ओढली, वर हळद वाहिली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्यानंतर सायकल किंचाळू लागली. साहेब व्हिडिओवर पुण्याच्या वरिष्ठांशी बोलत असत, नेमका तेव्हाच सोमनाथ उतारावर ब्रेक दाबी आणि पुण्याहून विचारणा होई, "तिकडे कोण रडतंय?" साहेबांनी वरिष्ठ लिपिक हौशीराम यांना लक्ष घालायला सांगितलं. हौशीरामांनी ‘ब्रेकचा आवाज’ या विषयाची फाईल उघडली, खिडकीतली शिलाई मशीनच्या तेलाची डबी उचलली आणि तबकडीवर सढळ हातानं तेल सोडलं. आवाज बंद झाला. ब्रेकच्या स्क्रूंवर लाखेचं सील ठोकण्यात आलं, फाईलवर ‘तक्रार निकाली’ असा शेरा पडला आणि साहेबांनी हौशीरामांची पाठ थोपटली.

फक्त सायकल आता थांबत नव्हती.

सोमनाथनं ती बाजारपेठेत केवलचंदशेठच्या दुकानात नेली. शेठच्या घराण्यानं चार पिढ्या जुन्नरला सायकली विकल्या होत्या. त्यांनी तबकडीवर बोट फिरवलं, हुंगलं आणि कपाळाला हात लावला.

"सोमनाथ, तेल चेनला घालतात रे! इथं तेलाचं बोटसुद्धा चालत नाही. दोन्ही बाजूंनी पॅड ही तबकडी आवळतात तेव्हा चाक थांबतं. तुझे पॅड तेल पिऊन बसलेत. तबकडी स्पिरिटनं पुसायची, पॅड नवे टाकायचे, मधे बसतायत ते बघायचं. वीस मिनिटांचं काम."

"मग करा की, शेठ."

"करतो. पण हे सील तोडू का?"

सोमनाथ तसाच माघारी हौशीरामांकडे आला.

"भाऊसाहेब, ब्रेक लागत न्हाई."

"आवाज येतो का?"

"न्हाई."

"मग तक्रार कशाची?"

"सायकल थांबत न्हाई."

हौशीराम समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे बघ, फाईल आवाजाची होती. ती निकाली निघाली. थांबणं हा स्वतंत्र विषय आहे, आणि तो काढायचा तर सील तोडावं लागणार. दुरुस्त झालेल्या वस्तूचं सील तोडलंस तर नोकरी जाईल."

"मग हातात धरून उतरत जाऊ?"

"वाहन पायी नेलं की वाहनाची गरज नाही असा शेरा पडतो. आणि वाहन नको तर शिपाई तरी कशाला, असं वर विचारतात."

सोमनाथला बायको होती, शाळेत जाणारी ऋतिका होती. तो पाय घासत उतरू लागला. दोन महिन्यांत चपलांचे तीन जोड संपले. रोज सकाळी उताराच्या तोंडाशी तो आधी कान देऊन हॉर्नचा कानोसा घेई, कारण खाली वळणावर एसटी कधी येईल याचा नेम नसे.

एके दिवशी चपलेचा अंगठा तुटला. सायकल सुसाट निघाली. समोरून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि सोमनाथनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो लोकरीत होता. त्याचे वडील धर्माजी रस्त्याकडेनं बेचाळीस मेंढरं घेऊन चालले होते. पोराला बघताच त्यांनी सगळा कळप आडवा घातला होता.

"लागलं का रं?" म्हाताऱ्यानं त्याचे हातपाय चाचपून पाहिले. "अरं, ब्रेक न्हाई व्हय तुझ्या गाडीला?"

"हाय आबा. निकाली निघालाय."

चौकशी झाली. आठवड्याभरात आदेश निघाला: ‘सदर मेंढरांनी शासकीय वाहन सुरक्षितरीत्या थांबवल्याचे निदर्शनास आले आहे. सबब पुढील आदेशापर्यंत सदर मेंढरांनी कार्यालयीन वेळेत उताराच्या पायथ्याशी हजर राहावे.’

"साहेब, पर मेंढरं चरायची कवा?" धर्माजींनी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी," साहेब म्हणाले.

तेव्हापासून मेंढरांची हजेरी मस्टरवर लागते. एक मेंढी व्याली तेव्हा बदली मेंढी देण्याविषयी धर्माजींना पत्र गेलं. सत्तरीचा बाप आपल्यासाठी दिवसभर उन्हात उभा राहतो, याची सोमनाथला फार लाज वाटते. पण रोज उतारावरून त्याची काठी दिसली की जिवात जीव येतो, हेही तितकंच खरं.

यंदाच्या दसऱ्यानंतर पेठ गावचे एक पाहुणे दाखल्यासाठी कार्यालयात आले. तुमच्या-आमच्यासारखेच, शिकलेले, वाचणारे. दाखला तयार व्हायला वेळ होता म्हणून सोमनाथनं त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. पाहुण्यांनी पोट धरधरून हसून घेतलं. "काय लोक आहेत राव एकेक!" असं म्हणत त्यांनी डोळे पुसले.

मग दाखला घेऊन त्यांनी आपली नवी कोरी मोटरसायकल काढली. फाटकापाशी ब्रेक दाबताच ती किंचाळली. सोमनाथनं वाकून पाहिलं. पुढच्या डिस्कवर तेलातल्या कुंकवाचं झोकदार स्वस्तिक होतं.

"पावणं, थांबा. ही डिस्क..."

"तुमचं सरकारी काम वेगळं हो. ही माझी स्वतःची गाडी आहे," पाहुणे जरा दुखावून म्हणाले. "रोज कुरकुरते, एवढंच. तुमच्याकडे ती तेलाची डबी असेल ना?"

हौशीरामांनी खिडकीतून तत्परतेनं डबी पुढं केली.

खाली पायथ्याशी धर्माजींना आधी ती किंचाळी ऐकू आली होती. आता काहीच ऐकू येईना. त्यांनी टेकाडाकडं एकदा पाहिलं आणि मेंढरं जरा जवळजवळ घेतली.