वरच्या खोलीतलं नेट

आमचे चिखलीतले शेजारी नाना उघडं यंत्र पाहू शकत नाहीत. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर यंत्रांसाठी पत्र्याच्या पेट्या बनवल्या. रिटायर झाले, पण हातांना कुणी कळवलंच नाही. पाण्याच्या मोटरीला पेटी, मीटरला पेटी, दारावरच्या बेलच्या बटणालाही पेटी. पाहुणे बिचारे शेवटी दार ठोकतात. एकदा माझ्या स्कूटरला मापाची टेप लावताना सापडले. तेव्हापासून मी स्कूटर मागच्या गल्लीत लावतो.

"उघडं यंत्र म्हंजी आजारी यंत्र," असं त्यांचं म्हणणं. मी कंपनीच्या स्टोअर्समधल्या टेबलावरून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे वाद घातला की "तुमी हापिसातली, तुमाला न्हाई कळायचं" म्हणून मोकळे होतात.

गेल्या वर्षी नानी गेल्या. मुलगी पल्लवी बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन दिवस यायची नि पळायची. शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "नाना, वरच्या खोलीत नेट नीट चाललं, तर मी महिनाभर तिथूनच काम करीन."

झालं! पुढचे चार दिवस नाना भेटेल त्याला नेटबद्दलच विचारत होते.

नेटवाला आला, खाली हॉलमध्ये राउटर लावून गेला. वर नेट छान चालत होतं, मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी नाना दारात. चेहरा उतरलेला.

"वर कायबी येत न्हाई, राव. सकाळपासनं जिना चढतोय."

जाऊन बघतो तर राउटर गायब. भिंतीवर राखाडी रंगाची, कुलूपबंद, पत्र्याची पेटी.

"अहो नाना, पत्र्यातून नेट जात नाही!"

"सोळा गेजचा जाड पत्रा हाय. पानी जायचं न्हाई, उंदीर जायचा न्हाई."

"नेटही जायचं नाही."

नानांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी पेटीला भोकं होती, एका रांगेत, सगळी एका मापाची. नेट येईना. तिसऱ्या दिवशी भोकं मोठी झाली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "एक तर पेटी काढा, नाहीतर पोरीला सांगा येऊ नकोस म्हणून!"

हे बोलायला नको होतं. माझ्या जिभेला हाड नाही. नाना पाना घेऊन आले आणि पेटी उतरवली. मलाच वाईट वाटलं. मग नेट आणखी पक्कं व्हावं म्हणून मीच नेटवाल्याच्या मागे लागून राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत वायर ओढून घेतली.

पल्लवी आली. नेट असं झकास की सकाळी वर गेलेली पोरगी संध्याकाळीच खाली उतरे. दुपारचं ताटही वरच. नाना खाली एकटे जेवत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो होतो. एक वाजला. नाना शांतपणे उठले आणि राउटरचं बटण बंद केलं.

"नाना! अहो, काय करताय?"

"गप बसा. जेवनाची सुट्टी हाय. कंपनीत मशीन बंद करत्यात का न्हाई?"

मिनिटभरात पल्लवी जिन्यावर. "नाना, नेट गेलं का हो?"

"गेलं आसंल. यील अर्ध्या तासात. जेवून घे तवर."

दोन ताटं वाढलेलीच होती. नाना तिच्या ताटात वांग्याची भाजी घालत म्हणाले, "तुज्या आईसारखी झाली न्हाई."

"झालीय की," पल्लवी म्हणाली आणि आणखी अर्धी भाकरी घेतली.

मग हे रोजचंच झालं. आठवडाभर मी गप्प राहिलो, हेच खूप. शेवटी फाटकाशी पल्लवीला गाठलं. "अगं, नेट जात नाही. नाना बंद करतात."

"माहितेय, काका," ती हळूच म्हणाली. "मी ऑफिसात सांगून ठेवलंय, आमच्या चिखलीत रोज एक ते दीड नेट नसतं."