व्यवसाय, असल्यास

रमाकांत फडणिसांनी कंपनीचे रजिस्टर जेवणाच्या पाटाशेजारी आणून ठेवले, तेव्हाच राजलक्ष्मीबाईंनी ओळखले की आज आमटी निवणार.

"हे पण जेवायला बसणार का?"

"रजिस्ट्रार कचेरीचं पत्र आलंय. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक भागधारकाचा व्यवसाय लिहायचा. पंधरा दिवसांत नाही लिहिला तर दंड. कंपनीला नाही हं, सेक्रेटरीला."

सेक्रेटरी म्हणजे खुद्द रमाकांत. लश्कर बर्फ आणि सोडावॉटर कंपनी लिमिटेड दरबारच्या काळात स्थापन झाली. तिचे दप्तर शिंदे की छावनीतल्या त्यांच्या घरी, बाहेरच्या खोलीत असे. घर जागचे हलले नव्हते, पण ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्य भारत आला, तो जाऊन या महिन्यात मध्य प्रदेश आला, आणि त्याआधीच एप्रिलपासून कंपन्यांचा नवा कायदा लागू झाला होता. जुन्या रजिस्टरात नुसती नावे आणि दरबारातले मान लिहिलेले. एकवीस भागधारकांपैकी एकाचाही मान आता उरला नव्हता.

"मग लिहा की. त्यात आमटी निवण्यासारखं काय आहे?"

रमाकांतांनी तिसऱ्या नावावर बोट ठेवले. दिनकरराव, दरबारच्या हत्तीखान्याचे अंमलदार. राजलक्ष्मीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. दिनकररावांचा मुलगा मधुसूदन वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि येत्या रविवारी त्याचा फडणिसांच्या मुलीशी, वनमालेशी, साखरपुडा होता. एवढे चांगले स्थळ मिळायला तीन वर्षे चपला झिजल्या होत्या.

हत्ती जाऊन आठ वर्षे झाली होती. तरी दिनकरराव रोज सकाळी दहाला शिंदेशाही पगडी चढवून टांग्याने निघत आणि संध्याकाळी पाचला परतत. मधला वेळ ते नई सडकेवर एका अत्तरवाल्याच्या गादीवर बसून काढत. हे ग्वाल्हेरच्या सगळ्या लश्कर भागाला माहीत होते आणि कुणी चुकूनही बोलत नव्हते. रमाकांतांना त्या माणसाबद्दल मनापासून आदर होता, त्यामुळे पंचाईत दुप्पट झाली.

बाकीच्या भागधारकांकडे फिरताना त्यांची पुरती दमछाक झाली. मल्हाररावांची शिलाई मशीनची एजन्सी होती, पण ते म्हणाले, "मानकरी लिहा."

"मानकरी हा व्यवसाय नाही हो."

"मशीनी विकणं तरी कुठे आहे? दसऱ्यापासून दोन गेल्यात."

दौलतसिंहांची शिवपुरीच्या रस्त्यावर लॉरी चालत असे. ते म्हणाले, "फौजी लिहा."

"फौज सोडून सात वर्षं झाली."

"फौज मला सोडून गेली, मी नाही सोडली. बरं, लिहा लॉरी. कोण बघतंय तुमचं रजिस्टर."

इथेच खरी मेख होती. कायद्याने रजिस्टर रोज दोन तास उघडे ठेवायचे, आणि ज्याला वाटेल त्याने येऊन बघायचे. रमाकांतांनी दारावर 'अकरा ते एक' अशी पाटी आधीच लावली होती. आजवर ती वाचायला फक्त पोस्टमन थांबला होता.

"कायद्यात 'व्यवसाय, असल्यास' असं आहे ना?" राजलक्ष्मीबाईंनी तोड काढली. "दिनकररावांचा रकाना कोरा ठेवा."

रमाकांत कचेरीत विचारून आले. तिथल्या कारकुनाने समजावले, "बाबूजी, कोरा छोडेंगे तो हम समझेंगे आपने पूछा ही नहीं. कुछ नहीं करते, तो लिखिए कि कुछ नहीं."

मंगळवारी दुपारी रमाकांत नाइलाजाने नई सडकेवर गेले. दिनकररावांनी गादीवर सरकून जागा दिली. रमाकांतांनी आधी हवापाण्याचे विचारले, मग मधूच्या अभ्यासाचे, मग पुन्हा हवापाण्याचे.

"रमाकांत, बगलेत रजिस्टर घेऊन कुणी हवा विचारायला येत नाही," दिनकरराव म्हणाले. "बोला."

रमाकांतांनी रकाना दाखवला. "तुम्ही म्हणाल ते लिहितो. सल्लागार लिहू का?"

"कुणाचा सल्लागार?"

दिनकररावांनी रजिस्टर आपल्याकडे ओढून रकाना वाचला. मग शांतपणे म्हणाले, "लिहा, काही नाही."

रमाकांतांनी लिहिले. दिनकररावांनी शेजारी सही केली, जोडे घातले आणि निरोपही न घेता टांगा बोलावून निघून गेले. घड्याळात जेमतेम दोन वाजले होते.

"मोडलं," घरी येऊन रमाकांत म्हणाले. राजलक्ष्मीबाईंनी डोळ्याला पदर लावला. बुधवारी दिनकररावांकडून निरोप आला नाही. गुरुवारी रमाकांत स्वतः नई सडकेवर डोकावून आले, तर गादी रिकामी. आठ वर्षांत असे प्रथमच झाले होते.

शुक्रवारी अकराला मल्हारराव पाटी वाचत दारात उभे राहिले. "जरा रजिस्टर बघू." त्यांनी बोट फिरवत तिसरे नाव गाठले आणि त्यांचा चेहरा उतरला. "दिनकररावांना 'काही नाही', आणि आम्हाला 'शिलाई मशीन एजंट'?"

"जे आहे ते लिहिलं."

"म्हणजे ते खानदानी आणि आम्ही दुकानदार? आमच्या घराण्यात सात पिढ्या कुणी काही केलेलं नाही. वाटल्यास चार लोकांना विचारा."

रमाकांतांना वाटले, गोष्ट इथेच मिटेल. पण मल्हाररावांच्या पोटात गोष्ट राहणे कठीण. साडेअकराला दौलतसिंह आले, बारापर्यंत बाहेरच्या खोलीत चौदा माणसे झाली आणि राजलक्ष्मीबाईंनी चहाला मोठे पातेले चढवले.

"माझी लॉरी खोडा," दौलतसिंह म्हणाले. "मला पण काही नाही लिहा."

"खोटं लिहिलं तर मला शिक्षा होते, दौलतसिंह. लॉरी तर दारात उभी आहे."

दौलतसिंहांनी मिनिटभर विचार केला. "मतलब लॉरी माझी नसली, तर चालेल?"

"चालेल."

"मग आजपासून लॉरी माझ्या बायकोची. आत्ता जातो, कागद करून आणतो."

हे ऐकताच मल्हाररावांनी एजन्सी बायकोच्या नावे करायचे जाहीर केले. कुणी पिठाची गिरणी, कुणी सायकलींचे दुकान घरच्या लक्ष्मीला अर्पण केले. संध्याकाळपर्यंत एकोणीस जण कागद घेऊन आले आणि रमाकांतांनी एकोणीस वेळा 'काही नाही' लिहिले. दौलतसिंहांच्या पत्नी उषाताईंनी तेवढ्यात ड्रायव्हरला बोलावून लॉरीचे टायर तपासले, दोन बदलायला लावले, आणि दौलतसिंहांना म्हणाल्या, "तुम्ही आराम करा, लॉरीचं मी बघते." दौलतसिंहांचा चेहरा जरा विचारात पडल्यासारखा झाला.

शनिवारी अकराला दारात टांगा थांबला. दिनकरराव उतरले. डोक्याला पगडी नव्हती, अंगात घरचा सदरा होता. राजलक्ष्मीबाई दाराआड देवाचे नाव घेत उभ्या राहिल्या.

"रजिस्टर बघायचंय."

रमाकांतांनी ते उघडून दिले. दिनकरराव वरून खाली वाचत गेले. "सगळेच?"

"तुमचं बघून. तुम्हाला नाही, तर आम्हालाही नको म्हणाले." रमाकांतांचा धीर सुटला. "दिनकरराव, माझं चुकलं. तुम्ही न बोलता उठून गेलात, तीन दिवस निरोप नाही, गादीवर नाही. वनमालेचा यात काय दोष?"

"गादीवर कशाला असेन? झोपलो होतो."

"झोपला होतात?"

"घरी. दुपारचा, पंखा लावून. रमाकांत, आठ वर्षं रोज ती पगडी घालून निघालो. काम नाही हे कुणाला कळू नये म्हणून सात सात तास मांडी घालून बसलो. अत्तराच्या वासाने डोकं उठायचं. मंगळवारी कागदावर लिहून सही केली, आणि वाटलं, आता लपवायचं काय राहिलं? तडक घरी गेलो आणि आडवा झालो. घरातल्यांना वाटलं तब्येत बिघडली, वैद्य बोलावणार होते." ते हसले. रमाकांतांनी त्यांना इतके मोकळे हसताना कधी पाहिले नव्हते. "एवढं भलं माझं कुणी केलं नाही."

दाराआडून सुस्कारा ऐकू आला. दिनकररावांनी पुन्हा पान उलटले आणि बोट एका ओळीवर थांबवले. "आणि तुमच्यापुढे सेक्रेटरी? घरात कुरकुर आहे. व्याही नोकरी करतात, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणे."

रमाकांतांच्या एका हाताला वीस वर्षांची नोकरी होती, दुसऱ्या हाताला वनमाला. त्यांनी टाक उचलला. "आत्ता राजीनामा लिहितो. माझंही 'काही नाही' करून टाकू."

दिनकररावांनी टाक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि रजिस्टर मिटले.

"खबरदार. मी घरी सांगितलंय, दोन्ही व्याही दुपारी झोपायला लागले, तर उद्या साखरपुड्याची साखर आणणार कोण?"