वांग्याच्या मळ्यातली डावी चप्पल

संशोधन कसं करावं, हे आमच्या वाशीम जिल्ह्यात कोणाला शिकायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! तीन वर्षं मी अनसिंगच्या मळ्यांतून हिंडलो, एकशे बारा तळटीपा दिल्या आणि मळेकऱ्यांच्या समजुतींवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यातलं चौथं प्रकरण तर माझा जीव की प्राण: मळ्यातल्या बांबूला डावी चप्पल टांगण्याची प्रथा.

परवा कॉलेजात त्याच ग्रंथावर चर्चा होती. माझी बढती या ग्रंथावर अडकलेली, आणि ती सोडवणाऱ्या विद्यापीठाच्या रीता मॅडम पहिल्याच रांगेत! म्हणून मी मुद्दाम गोजराबाईंनाही गाडीत घालून आणलं. पहिली चप्पल मला त्यांच्याच वांग्याच्या मळ्यात दिसली होती.

मी पडद्यावर फोटो लावला. चिखलाने माखलेली चप्पल, भिंतीएवढी!

"ही काहून टांगली, असं मी विचारलं," मी आवाज चढवला, "तर बाई म्हणाल्या, ज्याची आहे त्याले दिसावं म्हणून! आता 'ज्याची' म्हणजे कोणाची? तर मळ्याच्या राखणदार देवाची!" यावर मी बावीस पानं लिहिली होती. टाळ्या पडल्या.

मॅडमनी मान वाकडी करून फोटो न्याहाळला. "पण बाई, ही चप्पल कोणाची हो?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला सुचलाच नव्हता!

"कोनाची म्हंजे? या सरायचीच!" गोजराबाई म्हणाल्या. "पयल्या दिवशी चिखलात फसली, तं तिथंच सोडून गेले."

"मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडलोच.

"सांगतलं ना! ज्याची आहे त्याले दिसावं म्हनून टांगली म्हटलं. तुमी वहीत लिहून घेतलं, चप्पल काई नेली नाई!"

सभागृह खदाखदा हसलं. गेली बढती!

"पण मॅडम, आणखी सतरा मळ्यांत चपला टांगल्यात! फोटो आहेत!"

"हो का?" मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "त्यांनी कशाला टांगल्या?"

"सर येऊन येऊन फोटो काढून राह्यले ना," गोजराबाई म्हणाल्या. "शेजारच्या मळ्यातला शालिकराम म्हने, कॉलेजचा मानूस उन्हातान्हात येते, म्हंजे काईतरी फायद्याचं असन! त्यानं टांगली. त्याची पाहून दौलतरावानं."

मॅडम उठल्याच. "अहो सर, प्रथा जन्माला येताना पाहिलीत तुम्ही! बापही तुम्हीच! चौथं प्रकरण नव्याने लिहा. आणि पुरावा म्हणून हिची उजवी शोधून जोडीचा फोटो लावा, मग बढतीचं बघते."

गोजराबाईंनी पिशवीतून डावी चप्पल काढून माझ्या हातात दिली. मी उड्या मारतच घरी आलो.

"पौर्णिमा, माझी जुनी उजवी चप्पल कुठाय?"

"गच्चीवर, मिरचीच्या कुंडीत," बायको आतूनच म्हणाली. "काडीला टांगली."

"काहून?"

"तुमचंच पुस्तक वाचून! डावी सापडली नाही, म्हटलं उजवी तर उजवी. आणि काढू नका हं, बाजारातून मिरची आणावी लागत नाही आता!"

मी तावातावाने गच्चीवर गेलो. झाड मिरच्यांनी वाकलं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं, आणि हातातली डावीसुद्धा गुपचूप टोमॅटोच्या कुंडीत टांगली.