मुठीतला माइक

आमच्या शेजारचा नामा मूठ तोंडापाशी धरल्याशिवाय बोलत नाही. दूधवाल्याला हाक मारायची तरी आधी, "हॅलो चेक, चेक... अर्धा लिटर." तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात वांग्यांचा भावसुद्धा तसाच विचारतो. बाया पदराआड हसतात. यानं माइक सोडला, पण माइकनं याला काही सोडलं नाही.

बँडच्या गाडीवर बसून नामानं पंचक्रोशीतल्या वराती गाजवल्या. एक गाणं तर त्याचं स्वतःचं, गिटार आन् ड्रमवर बसवलेलं, कानठळ्या बसवणारं: "हात सोड गं बाटले, घरी वाट बघत्यात." दारू सोडायचं गाणं, बरं का. पण ते लागलं की पिऊन आलेली सगळी वरात रस्त्यावर लोळून नाचायची. गाणाराही प्यालेलाच. वरात हलायच्या आधी नवऱ्याकडची माणसं गाणाऱ्याला ग्लास देतात. मान असतो तो, नाही म्हटलं की रुसतात. त्या मानापायी नामाची बायको दौंडला माहेरी गेली ती गेलीच. मग एकदा नामा गाडीवरून थेट नवरदेवाच्या घोडीपुढं पडला. बँडच्या मालकानं त्याच्या जागी सणसवाडीच्या कंपनीत कामाला असलेला राजू गायला आणला.

तेव्हापासून नामानं थेंब घेतला नाही. बायकोनं निरोप धाडला, असाच राहिला तर दिवाळीला येते. मालकही परत बोलवायला आला. नामा म्हणाला, "चेक, चेक. एका हातात माइक आला की दुसरा हात ग्लास मागतो, मालक. न्हाई जमायचं."

आन् परवा काय व्हावं? आमच्याच गल्लीतून वरात निघाली. राजूपुढं ग्लास आला. नामा गर्दीतून घुसला आन् "आधी वस्तादाचा मान" म्हणत तो ग्लास त्यानंच उचलला. नाम्या पुन्हा बाटलीला लागला म्हणून माणसं खिदळली.

तो गाडीमागं आला. मी तिथंच उभी होते. त्यानं ग्लास चाकापाशी ओतून टाकला.

"अरे, लोकांनी तुला ग्लास घेताना बघितलं," मी म्हटलं. "दौंडला हेच कळंल."

"कळू द्या. राजूला बी बायको हाय, मावशी."

मूठ तोंडापाशी नव्हती.

पुढं राजूनं त्याचंच गाणं धरलं. माणसं नाचायला लागली. नामानं रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

"लांब न्या तेवढा," म्हणाला. "वास येतोय."