डावीकडून बघा ना, बाबा

त्या दिवशी जावईबापूंनी बसने न जाता गाडीने कचेरीत जायचं ठरवलं. एवढंच. माणूस सकाळी उठतो, आंघोळ करतो आणि असं काहीतरी ठरवून बसतो. पुढचं निस्तरायला बायको असतेच.

'जावईबापू' हे काही त्यांचं नाव नव्हे. लग्नात सासऱ्यांनी तशी हाक मारली, ती शेजारच्या काकूंनी उचलली, काकूंकडून इस्त्रीवाल्याने आणि इस्त्रीवाल्याकडून कचेरीतल्या हेडक्लार्कनी. आता खुद्द त्यांची आईसुद्धा त्यांना जावईबापू म्हणायची, तिथे परक्यांना काय बोलणार.

गाडी सासऱ्यांची. बिनछपराची, बसकी, लांब नाकाची, लालचुटुक स्पोर्ट्स कार. सासरेबुवांनी भर तारुण्यात हौसेने घेतलेली आणि पोटच्या मुलींपेक्षा जास्त लाडात वाढवलेली. (थोरली मुलगी, म्हणजे जावईबापूंची बायको, म्हणायची की बाबांनी मला कधी असं मऊ फडक्याने पुसलं नाही.) पुढे सासरेबुवांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं, समोरचा खांब आणि समोरचा माणूस यांत फरक कळेना, तेव्हा त्यांनी गाडी थोरल्या जावयाच्या हवाली केली. पण अट घालून. गाडी आहे तशीच राहिली पाहिजे. एक स्क्रूसुद्धा परका दिसला तर गाडी त्याच दिवशी धाकट्या जावयाच्या दारात. धाकटा जावई तेव्हा शेजारीच उभा होता आणि ज्याला कसलीच घाई नाही अशा माणसासारखा हसत होता.

जावईबापूंचा जीव त्या गाडीत अडकलेला. कचेरीत त्यांचं काम काय, तर मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून बघायची आणि नकलेवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारायचा. उभ्या जन्मात त्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नव्हतं. त्या गाडीत बसले की मात्र लोक वळून बघायचे. गाडीकडे बघायचे हे खरं, पण बघताना वाटेत जावईबापू लागायचेच.

तर कचेरीला निघाले. वाटेत काचेच्या दुकानांची रांग. काचेत गाडी दिसली, गाडीत स्वतः दिसले, आपण एवढे बरे दिसतो हे त्यांना नवीनच कळलं, आणि ते नीट बघून घेईपर्यंत गाडीची उजवीकडची दोन्ही चाकं रस्त्याच्या मधल्या कट्ट्यावर चढली, थोडी चालली आणि धाडकन खाली आली.

मेस्त्रीने चाकं उतरवली, उजेडात फिरवली, बोटाने वाजवली. दोन्हींना भेगा. जावईबापूंनी विचारलं, वेल्डिंग करता येईल का. मेस्त्री म्हणाला, करता येईल, पण मग घरातल्या मंडळींना सांगून निघत जा. त्याचं म्हणणं साधं होतं. जुनी ओरिजिनल अलॉय व्हील्स शोधाल तर तीही अशीच म्हातारी मिळणार, वरून धडधाकट आणि आतून खिळखिळी. आता हुबेहूब तशीच नवी बनवून मिळतात. रेप्लिका म्हणतात. चारही बदला आणि निवांत झोपा.

जावईबापूंनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. रेप्लिका म्हणजे नक्कल. ज्या माणसाने आयुष्यभर नकला पकडल्या त्याने स्वतःच्या गाडीला नक्कल लावायची? आणि सासऱ्यांची अट? पण फुटक्या चाकांवर गाडी चालायची कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिथून त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली ती काही थांबेना. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने मोठ्या भक्तिभावाने दोन चाकं काढून दाखवली. जावईबापूंनी भिंग लावलं तर दोन्हींना चांगली बोटभर भेग. दुकानदार जराही डगमगला नाही. म्हणाला, "साहेब, भेगसुद्धा ओरिजिनल आहे." जावईबापूंना ते इतकं पटलं की ती दोन्ही चाकं त्यांनी घरी आणली. मग तुलनेला हवं म्हणून मेस्त्रीकडून एक नवं चाक मागून आणलं. तिन्ही दिवाणखान्यात मांडली. कोण येईल त्याला हाताला धरून चाकांसमोर उभं करायचं आणि विचारायचं, यातलं खरं कोणतं. इस्त्रीवाल्याने खुर्चीच्या पायाकडे बोट दाखवलं, कारण त्याला प्रश्नच कळला नव्हता. काकूंनी चष्मा लावून तिन्ही चाकं निरखली आणि म्हणाल्या की तिन्ही गोलच आहेत. कचेरीत हेडक्लार्कना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, नकलेवर तुम्ही शिक्का मारलात की ती खरीच नाही का?" यावर जावईबापू संध्याकाळपर्यंत विचार करत राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी दोन मूळ कागदांवरच सत्यप्रतीचे शिक्के मारले.

घरी आले की चाकांभोवती फेऱ्या. एक सोफ्यावर उचलून ठेव, लांबून बघ, परत खाली ठेव. जेवताना उठून जायचे, आंघोळीला जाता जाता वळायचे. थोरलीने पुष्कळ सोसलं. मग एक दिवस चाकाला ठेच लागून तिच्या हातातली चहाची किटली सांडली, तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला चाकावर बसून जायचंय की चाकाचं दर्शन घ्यायचंय? चारही नवी घाला. ती फुटकी घातलीत तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

फुटकी बसवायला मेस्त्रीही तयार नव्हता. तो म्हणाला, बसवतो, पण मग पुढच्या अपघाताला माझं नाव घेऊ नका. तेवढ्यात सासरेबुवांचा फोन आला. रविवारी येतोय, बरोबर धाकटी आणि तिचा नवरा आहेत, गाडी डोळे भरून बघायची आहे.

डोळे भरून, म्हणे. सासऱ्यांना दिसलं नाही तरी धाकट्या जावयाला दिसणारच. दोन दिवस जावईबापू घरात असे फिरत होते की थोरलीने सतरंजी गुंडाळून ठेवली, झिजेल म्हणून. आणि मग, दाढी करता करता, त्यांना सुचलं. आरशात एका वेळी आपला एकच कान नीट दिसतो. तसंच गाडीचं. गाडीच्या दोन्ही बाजू ज्याला एका वेळी दिसतील असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. डावीकडची दोन चाकं सासऱ्यांचीच, जुनी, खरी, धड. ती तशीच ठेवायची. उजवीकडे दोन नवी घालायची. आणि सासऱ्यांना उजवीकडे जाऊच द्यायचं नाही. थोरली म्हणाली की हे असलं फक्त तुम्हालाच सुचू शकतं. जावईबापूंना ती शाबासकी वाटली.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी अंगणात आणून उजव्या अंगाने कुंपणाच्या भिंतीला अशी चिकटवली की मधून मांजर गेली असती तर तिच्या मिशा घासल्या असत्या. एवढं झाल्यावर कळलं की उजवं दार उघडत नाही आणि आपण उजव्या सीटवर आहोत. मग डाव्या सीटवरून सरपटत, गिअरची दांडी पोटात रुतवून घेत बाहेर आले. विजार गुडघ्यावर फाटली. पण जिवात जीव आला. डावीकडे चार खुर्च्या मांडल्या, मधे टेबल. उजवीकडे जायची वाटच उरली नाही.

मंडळी आली. सासरेबुवा फाटकातून आत आले आणि जावईबापूंच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. म्हाताऱ्याच्या नाकावर नेहमीचा जाड भिंगांचा चष्मा नव्हता. सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, केस फार पिकले हो तुमचे. आणि विजार फाटलीय गुडघ्यावर."

धाकटीने खुलासा केला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं, गंमत. आता सगळं लख्ख दिसतं. दिसतच होतं. पाच मिनिटांत सासरेबुवांनी खिडकीतून आतल्या पंख्यावरची धूळ हेरली, काकूंच्या गच्चीवरचा फाटका टॉवेल हेरला आणि थोरलीला विचारलं की तू इतकी वाळलीस कधी. जावईबापूंना एवढ्या लख्ख नजरेपुढे उभं राहणं जड जायला लागलं. ते सारखे उठत होते, सारखे बसत होते, चहा आणायला जात होते आणि तसेच परत येत होते.

साडू मात्र खुर्चीवर बसलाच नाही. तो भिंतीपाशी जाऊन फटीत डोकावत होता. म्हणाला, "दादा, गाडी एवढी भिंतीला का चिकटवलीय?"

"उन्हाने रंग उडतो."

"पण भिंतही उन्हातच आहे की."

"म्हणून तर," जावईबापू म्हणाले, आणि साखर ढवळायला लागले. साखर साडूच्या कपात होती.

सासरेबुवा चहा संपवून उठले. म्हणाले, गाडी बाहेर काढा, मला चारी बाजूंनी बघू द्या. जावईबापू म्हणाले, "डावीकडून बघा ना, बाबा. डावीकडून फार छान दिसते." म्हातारा म्हणाला, जन्मभर मी उजवीकडून चढलो, मला माझी बाजू बघायचीय. जावईबापूंनी सांगितलं, बॅटरी उतरलीय. मग किल्ली हरवलीय. मग पोटात दुखतंय. थोरलीने एवढं ऐकून घेतलं, टेबलावरची किल्ली उचलली, साडीचा पदर खोचला आणि डावीकडून आत शिरून गाडी एका दमात अंगणाच्या मधोमध आणून उभी केली.

जावईबापूंनी डोळे मिटले. साडू एका पावलाने पुढे सरकला, गाडी घरी न्यायच्या तयारीने.

सासरेबुवा उजवीकडे गेले. खाली वाकले. नव्या चाकांवर ऊन पडून ती अशी चमकत होती की म्हाताऱ्याचा चेहरा त्यांत दिसत होता.  मग सासरेबुवांनी चाकावरून हात फिरवला आणि त्यांच्या नव्याकोऱ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हीच," ते म्हणाले. "मी गाडी आणली त्या दिवशी अगदी अशीच दिसत होती. इतकी वर्षं मला सगळं मळकट दिसायचं. वाटायचं, चाकंच खराब झाली. चाकं कुठली, डोळे खराब होते."

जावईबापूंनी एक डोळा उघडला. जग अजून जागेवर होतं. म्हाताऱ्याला मिठी मारावी असं त्यांना वाटलं, तोपर्यंत सासरेबुवा गाडीला वळसा घालून डावीकडे पोचले होते. तिथे त्यांची स्वतःची, खरी, जन्मभर त्यांच्याबरोबर फिरलेली चाकं. काळवंडलेली, खड्डे पडलेली, कडांना चावे घेतल्यासारखी. सासरेबुवांचा चेहरा उतरला.

"आणि ही कुठली?"

"तुमचीच, बाबा," जावईबापू घाईघाईने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते शंभर टक्के खरं बोलत होते. "शपथ घेऊन सांगतो. डावीकडची तुमचीच आहेत. अस्सल."

"मग उजवीकडची कुणाची?"

आता बोला. डावी खरी म्हणावं तर उजवी नकली ठरते, आणि गाडी साडूच्या दारात जाते. उजवी खरी म्हणावं तर डावीकडची चाकं विकून खाल्ली असा ठपका. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. साडू मदतीला आल्यासारखा म्हणाला, "सांगा ना दादा, उजवी कुणाची?" जावईबापूंनी टेबलाकडे वळून साडूच्या रिकाम्या कपात पुन्हा चमचा फिरवला. 

शेवटी थोरली गाडीतून उतरली. "बाबा," ती म्हणाली, "उजवी तुमचीच आहेत. यांनी ती चाकं साफ करायला म्हणून कुठेतरी दिली होती. डावीकडच्या वेळी कुणीतरी यांना दुसरीच गळ्यात मारली. यांना काय कळतंय."

 बायकोने गाडी वाचवली होती आणि जावईबापूंना गाडीखाली घातलं होतं, एकाच बोलण्यात.

सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं. राग नव्हता, कीव होती, आणि लख्ख नजरेची कीव फार लागते. म्हणाले, माणूस भोळा आहे, लबाड नाही. लबाड असता तर गाडी आत्ता काढून घेतली असती. मग त्यांनी फर्मान सोडलं की हे डावीकडचं भंगार उद्याच्या उद्या टाकून द्या आणि उजवीसारखी अस्सल दोन शोधून बसवा. भंगार मी नेतो, असं साडू इतक्या चटकन म्हणाला की जावईबापूंना कळलं, त्याला सगळं कळलंय. जुन्या खऱ्या चाकांना आज काय भाव आहे हेही त्याला माहीत असणार. पण बोलणार कोण? सासरेबुवा म्हणाले, जाईना का, फुलझाडाच्या कुंडीखाली ठेवायला होतील.

पुढच्या रविवारी चारही चाकं लखलखत होती. सासरेबुवांनी मुद्दाम सगळ्यांना बोलावून घेतलं. काकू आल्या, इस्त्रीवाला आला, हेडक्लार्कसुद्धा आले. म्हातारा गाडीभोवती फिरून एकेका चाकापुढे थांबत होता आणि सांगत होता, बघा, जुन्या कामाची सर नव्याला येणं नाही. थोरली त्यांच्या मागे उभी राहून मान डोलवत होती. आणि साडूने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी गोड विचारलं, "दादा, एकदा खरं सांगा. अस्सल चाक ओळखायचं कसं?"

जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. लांब नाकाच्या लाल गाडीकडे पाहिलं. मग खाली मान घातली आणि म्हणाले, "मला कुठं चाकांतलं काही कळतं."

काकूंनी मान हलवली, इस्त्रीवाल्याने हलवली, हेडक्लार्कनी तर दोनदा हलवली. इतक्या वर्षांत त्यांच्या एखाद्या बोलण्यावर सगळ्यांचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.